अण्णा, हँडल बरोबर होतं

अण्णा, तुमच्या तेराव्याला मी लोकांना हसवलं.

ठरवून नाही. चिकपेटच्या घराच्या गच्चीवर पंगत बसली होती, पुरणाच्या होळग्या वाढून झाल्या होत्या, त्यांच्यावर तूप फिरत होतं, आणि तुमच्या शेजारच्या दुकानदारांपैकी एकजण म्हणाला, "दाजी, ते सायकलचं सांगा की. अण्णांना आवडायचं." तिथं मला सगळे दाजीच म्हणतात. बहिणीचा नवरा म्हणून मी खरं तर फक्त तुमचा दाजी, पण तुम्ही ती हाक रस्त्यापलीकडे ऐकू जाईल अशी मारायचात, त्यामुळं मी सगळ्या गल्लीचा दाजी झालो. मी नको म्हणालो. पुन्हा एकदा नको म्हणालो. तिसऱ्यांदा म्हणालो नाही, कारण तिसऱ्यांदा लोक खरंच ऐकतात.

मग सांगितलं. ब्रेक न लागणाऱ्या सायकलवरून तुम्ही शहाळ्यांच्या ढिगात कसे शिरलात, ते हातवारे करून दाखवलं. तुमचा आवाजही काढला. पंगत हसली. वहिनी जिन्याच्या दारात उभ्या होत्या, त्यांनी पदर तोंडाला लावला. हसू होतं की दुसरं काही, ते मी नीट बघितलं नाही. सुमा चित्रान्नाचं पातेलं घेऊन उभी होती. तुमची बहीण हसली नाही.

गोष्ट मी शहाळ्यांपाशी थांबवली. नेहमी तिथंच थांबवतो. पुढचं फक्त तुम्हाला आणि मला ठाऊक होतं. त्या दिवशी एकट्या मला.

तुम्हाला आठवतं ना, ती सायकल मी कशी घेतली होती? बंगळूरला नोकरी लागली आणि सहा महिन्यांत मी डोंगरात चालवायची सायकल घेतली. जाड टायर, पुढं स्प्रिंगा, एकवीस गिअर. निपाणीहून आलेल्या माणसाला मारतहळ्ळीत कुठला डोंगर दिसला, हे तुम्ही मला पुढं पंधरा वर्षं विचारत होता. मी ती चार वेळा चालवली. पाचव्या वेळी लिफ्टमध्ये अडकली, आणि तिला बाहेर काढताना मी अडकलो. त्यानंतर ती आमच्या इमारतीच्या पार्किंगमध्ये खांबाला टेकून उभी राहिली. कबुतरांनी ती स्वतःची मानली.

एका रविवारी जेवायला आलात तेव्हा तुम्ही तिच्यापुढं उभे राहिलात. रुमालानं सीट पुसलीत.

"दाजी, ही मला द्या."

"कशाला?"

"गावाला जातो."

तुमचं गाव म्हणजे कराडच्या पुढं कुठंतरी. तुमच्या घरात चार पिढ्यांत कुणी ते बघितलेलं नव्हतं. नाव तेवढं लग्नपत्रिकेत छापायचात. "आमचे लोक घोड्यावरनं इकडं आले म्हणतात," तुम्ही म्हणालात. "कुठला घोडा, कुणाला गोत्तु. मी सायकलवरनं परत जातो. गाव बघायचं, तिथल्या हॉटेलात चहा प्यायचा, माघारी यायचं. आयतु." आणि मी? "तुम्ही मागनं स्कूटरवर सामान घेऊन या. तुम्ही सायकलवर आलात तर आपण तुमकूरपर्यंतच म्हातारे होऊ."

त्या दिवशीच निघालो असतो तर. तुमचे हात त्या दिवशी ठणठणीत होते. सायकल एका हातानं उचलून तुम्ही पार्किंगच्या तीन पायऱ्या चढला होता. पण मी म्हणालो, थांबा, लांबच्या प्रवासाला ही अशी चालणार नाही. आधी हँडल बदलायला पाहिजे.

आता मी कोण हँडलबद्दल बोलणारा? चार वेळा सायकल चालवलेला माणूस. पण मी व्हिडिओ बघितले होते. रोज ऑफिसच्या बसमध्ये बघायचो. जर्मनीतून निघून मंगोलियाला पोचलेले लोक आपापल्या हँडलवर अर्धा अर्धा तास बोलत. डोंगरी सायकलची सरळ दांडी दिवसभर धरली की हात एकाच जागी राहतात, मनगटं भरून येतात. हात चार-पाच ठिकाणी ठेवता येतील असं हँडल पाहिजे. हे मी तुम्हाला दुकानात कागदावर चित्रं काढून समजावलं.

तुम्ही ऐकून घेतलंत आणि म्हणालात, "मला हात दोनच आहेत, दाजी."

"तेच दोन हात चार ठिकाणी ठेवायचे."

"बिजागरी दार बघून घेतात. तुम्ही पुस्तक बघून घेताय."

चाळीस वर्षं तुम्ही बिजागऱ्या, कड्या आणि कुलपं विकली होती. कुठल्या हातात काय बसतं ते तुम्हाला गिऱ्हाईक पायरी चढतानाच कळायचं. सरळ दांडी तुम्हाला बसली होती. पण मी ऐकेन तर शपथ.

पहिलं हँडल मी मागवलं ते शर्यतीच्या सायकलचं, मेंढ्याच्या शिंगासारखं खाली वळलेलं. ते आलं, आणि मधल्या पकडीत बसेना, कारण ते मधे जाड होतं. मग जाड हँडलची पकड मागवली. ती बसली तर जुने ब्रेकचे खटके त्याच्यावर चढेनात. मग खटके मागवले. के. आर. पुरम स्टेशनजवळच्या पंक्चरवाल्या मुनियप्पाकडं सगळं घेऊन गेलो. मुनियप्पानं दोन्ही खटके दाबून बघितले आणि म्हणाला, "सार, हे खटके वायर कमी ओढतात. तुमच्या ब्रेकला जास्त ओढ लागते. लागणार नाही ब्रेक."

मी त्याला, मला न चुकता येणारं एकमेव कन्नड वाक्य ऐकवलं. "स्वल्प ॲडजस्ट माडि."

"सरी सार," तो म्हणाला, आणि सायकलपासून चार पावलं लांब जाऊन उभा राहिला.

पुढचं सगळ्यांना माहीत आहे. उतार, शहाळीवाला, त्याची आई आणि तुम्ही. ढिगात बसूनच तुम्ही म्हणालात, "हँडल चांगलं आहे. थांबायचं नसलं की झालं." एक शहाळं फुटलं होतं, ते शहाळीवाल्यानं तुमच्याच हातात दिलं आणि तुम्ही ते पिऊन टाकलंत.

हसायचं ते इथवर.

दुसरं हँडल बसवलं तेव्हा पावसाळा लागला होता. ते जुन्या खटक्यांना चालणारं होतं, दोन्ही बाजूंनी गोल फिरून परत येणारं, फुलपाखराच्या पंखांसारखं. रविवारी सकाळी तुम्ही मेट्रोनं यायचात, आपण मुनियप्पाकडं जायचो, तुम्ही तासभर चक्कर मारायचात, मी टपरीवर बसून तुमच्या बसण्याच्या पद्धतीतल्या चुका काढायचो. अशाच एका रविवारी उतरताना तुम्ही म्हणालात, "उजवा ब्रेक दबत नाही हो."

मी वायर बदलायला लावली. पुढच्या रविवारी पुन्हा तेच. तेल घातलं. मग मऊ स्प्रिंगचा खटका आणला. तुम्ही तो चार बोटांनी दाबलात, मग दोन्ही हातांनी. मुनियप्पा बघत होता. त्यानं पुढं येऊन तोच खटका करंगळीनं दाबला. चाक जागच्या जागी थांबलं.

"सार, खटका बरोबर आहे," तो म्हणाला. "हँडल बरोबर आहे. अण्णांचा हात कुणाला तरी दाखवा."

मी हसलो. म्हणालो, "मुनियप्पा, आता पंक्चरच्या पाटीखाली लिहून टाक, नाडी बघून मिळेल." तुम्हीही हसलात. पण माझ्यानंतर. आधी तुम्ही माझ्या तोंडाकडं बघितलंत, आणि मी हसतोय हे बघून मग हसलात.

त्यानंतर पंधरा दिवसांनी तुम्ही मला दुकानात बोलावून घेतलंत. दुपार होती, तुमचे दोघे कामगार जेवायला गेले होते. एक गिऱ्हाईक नुकतंच निघून गेलं होतं. तुम्ही त्याला कुलूप दाखवत होता, किल्ली फिरेना. त्यानं तुमच्या हातातून घेऊन फिरवली, फिरली, तरी तो म्हणाला कुलूप जड आहे, आणि गेला. तुम्ही ते कुलूप माझ्यापुढं ठेवलंत.

"फिरवा."

मी फिरवली.

"फिरली ना? माझ्याच्यानं सकाळधरनं फिरत नाही." तुम्ही उजवा हात गल्ल्यावर पालथा ठेवलात. "डॉक्टरला दाखवू काय? तुम्ही वाचता म्हणून तुम्हाला विचारतो."

अण्णा, माझ्या आयुष्यात मला कुणी इतक्या विश्वासानं काही विचारलेलं नाही. ऑफिसात मी मीटिंगला बसतो, मान हलवतो, आणि शेवटी दुसऱ्यानं सांगितलेलं करतो. घरी सुमा माझ्यापेक्षा हुशार आहे, हे तुम्ही लग्नाच्या बोलणीतच मला सांगून ठेवलं होतं. जगात फक्त एका विषयात, एका माणसापुढं, मी जाणकार होतो. तो माणूस समोर बसून विचारत होता आणि मला उत्तर येत होतं. हँडलवर भार पडून तळव्यातली नस दबते, मी म्हणालो. पकड ढिली होते. त्याला इंग्रजीत नाव आहे. मी ते नाव सांगितलं. मंगोलियाला गेलेल्या त्या जर्मनालाही झालं होतं, हेही सांगितलं. सगळ्या सायकलवाल्यांना होतं, हँडल बदललं की जातं.

तुम्ही आठवड्यातून एकदा तासभर सायकल चालवत होता. तेवढ्यानं कुणाची नस किती दबेल, हा प्रश्न चौथीतल्या पोराला पडला असता.

"मग डॉक्टर बेडा? नको?" तुम्ही विचारलंत.

"बेडा. तीन आठवडे सायकल बंद ठेवा. मी मागं वळलेलं हँडल मागवतो, तळव्यावर भारच येणार नाही."

तुमचा चेहरा किती सैल झाला. तुम्ही घाबरला होता, हे मला तो सैल झाल्यावर कळलं. मग तुम्ही हळूच म्हणालात, "सुमाला बोलू नका. तिला कळलं तर आत्ता रिक्षा घेऊन येईल." मी शब्द दिला. आपल्या नात्यात मी पाळलेला तो एकमेव शब्द.

खरं सांगायचं तर तो शब्द मला सोयीचा होता. डॉक्टरनं सायकल बंद कर म्हटलं असतं तर माझे रविवार गेले असते. तुमचा हात बरा होण्यापेक्षा माझं म्हणणं बरोबर ठरणं मला जास्त हवं होतं. असं स्वतःशी त्या वेळी म्हणालो नव्हतो. पण वागलो तसंच.

मग आयुधपूजा आली. दुकानातली सगळी हत्यारं पुसून पाटावर मांडलेली, पाने, पक्कड, करवती, वजनाचा काटा, आणि त्यांच्या शेजारी माझी सायकल, मागं वळलेल्या नव्या हँडलसकट, झेंडूची माळ घालून. त्या दिवशी हत्याराला हात लावायचा नाही, ही तुमच्या घरची रीत. हँडलचा एक बोल्ट ढिला दिसला म्हणून मी पाना उचलायला गेलो तर तुम्ही माझ्या हातावर चापट मारलीत. "आज त्यांची सुट्टी आहे, दाजी. तुमचीपण घ्या." चापट मऊ लागली. मला वाटलं, प्रेमानं मारली.

पूजा झाली. वहिनींनी कुंकू आणि चुना लावलेला कोहळा तुमच्या हातात दिला. दुकानावरून, सायकलवरून तीनदा ओवाळून बाहेर रस्त्यावर फोडायचा असतो. तुम्ही एकदा ओवाळलात. दुसऱ्यांदा हात वर नेलात आणि कोहळा निसटला. उंबऱ्याच्या आत पडला, हत्यारांच्या पाटापाशी, आणि फुटला.

 घरात कोहळा फुटणं केवढा अपशकुन असतो ते त्या गल्लीत कुणाला सांगावं लागत नाही. वहिनींचा चेहरा पांढरा पडला. आणि मी काय म्हणालो? म्हणालो, "अण्णांनी होम डिलिव्हरी सुरू केली."

हसले सगळे. सुटल्यासारखे हसले. तुम्हीही. तुम्ही खाली वाकून फोडी गोळा करायला लागलात, मी तुमच्या शेजारी बसलो, आणि मला तुमचा हात जवळून दिसला. अंगठा आणि पहिलं बोट यांच्या मधे जिथं मांस असतं, तिथं खड्डा होता. चमच्यानं काढून घेतल्यासारखा. तुम्ही माझी नजर बघितलीत आणि हात फोडींखाली नेलात.

मी बघितलं होतं, अण्णा. तेव्हा मला कळलं होतं की हे हँडलचं नाही. कुणी मला कधी विचारलं की तुला केव्हा कळलं, तर उत्तर त्या क्षणाचं आहे. आणि त्याच संध्याकाळी घरी येऊन मी आणखी एक हँडल मागवलं.

ते मी का केलं, हे मी अनेक तऱ्हांनी स्वतःला सांगून बघितलं आहे. एकही तऱ्हा टिकत नाही. मला वाटतं, हँडल मागवत राहिलो तोवर तो हँडलचा प्रश्न राहत होता.

डिसेंबरात तुम्ही आमच्याकडं जेवायला होता. सुमानं आईची पितळी वाटी काढली होती, खास तुमच्यासाठी, पायसानं भरलेली. ती तुमच्या हातातून सुटली. सगळं नव्या गालिच्यावर. सुमा चिडली. सकाळपासून स्वयंपाकघरात उभी होती ती. "अण्णा, लक्ष कुठं असतं रे तुझं? लहान आहेस काय? एक वाटी धरवत नाही?"

तुम्ही माझ्याकडं बघितलंत. फार वेळ नाही. मी सांगावं असं तुम्हाला वाटलं असेल, किंवा सांगू नये असं वाटलं असेल. मला ते ओळखता आलं असतं, पण मी पानात बघत होतो.

फेब्रुवारीत सुमानंच तुम्हाला शर्टाचं बटण लावताना बघितलं. तुम्ही डाव्या हातानं लावत होता आणि लागत नव्हतं. तिनं बटण लावून दिलं, चप्पल घातली, आणि तुम्हाला रिक्षात बसवून घेऊन गेली. तुम्ही म्हणाला होता, अगदी तसंच.

डॉक्टरनं आजाराचं नाव सांगितलं. स्नायूंना हुकूम देणाऱ्या नसा एकेक करून मरतात, त्याला औषध नाही, हात गेला की पाय, मग जीभ, मग श्वास. मी डॉक्टरला बाजूला गाठून विचारलं, आठ महिने आधी आलो असतो तर? तो म्हणाला, फारसा फरक पडला नसता. मी जिन्यापर्यंत जाऊन परत आलो आणि तेच पुन्हा विचारलं. त्यानं तेच उत्तर दिलं, पण या खेपेला माझ्याकडं न बघता.

लोक हे ऐकलं की मला म्हणतील, बघा, मग तुमचा काय दोष. त्यांना कसं सांगू? त्या आठ महिन्यांत तुमचा डावा हात चांगला होता आणि दोन्ही पाय चांगले होते. खरं कळलं असतं तर आपण त्याच आठवड्यात निघालो असतो. कुठलंही हँडल चाललं असतं. सरळ दांडी चालली असती, दोन्ही ब्रेक डावीकडं बसवून दिले असते मुनियप्पानं. नाहीतर तुम्ही स्कूटरवर माझ्या मागं बसला असता. तुम्ही त्या गावात पोचला असता. आजार तुम्हाला मारणारच होता. चहा मी चुकवला.

शेवटचं वर्ष तुम्ही चिकपेटच्या वरच्या खोलीत काढलंत. दर रविवारी मी मेट्रोनं यायचो आणि आठवडाभरातली माझी फजिती सांगायचो. कमी पडली तर करून यायचो. तुम्ही हसायचात. मग एके दिवशी हसताना ठसका लागला, श्वास अडकला, ओठ निळे पडले. वहिनींनी तुम्हाला पुढं वाकवून पाठ चोळली आणि माझ्याकडं न वळता म्हणाल्या, "हसवू नका हो आता त्यांना."

त्यानंतर माझ्याकडं तुम्हाला द्यायला काहीच उरलं नाही. मी यायचो, खुर्चीवर बसायचो, पंख्याकडं बघायचो. माझ्याकडं एकच गोष्ट होती जिच्यात हसण्यासारखं काही नव्हतं, आणि नेमकी तीच मी सांगत नव्हतो. तुमची क्षमा मागायची होती. दर रविवारी ठरवून यायचो. जीभ चालत होती तोवर तुम्ही कधी कधी विचारायचात, "सायकल?" मी म्हणायचो, तयार आहे. ती मुनियप्पाच्या दुकानात उलटी टांगलेली होती, हँडल नव्हतंच तिला. शेवटचं हँडल मी खोक्यातून काढलंही नव्हतं. तुम्हाला ते कळत असणार. चाळीस वर्षं दुकानात बसलेल्या माणसाला "माल येतोय" म्हणणारा खोटा ओळखू येतो. पण तुम्ही प्रत्येक वेळी मान हलवलीत, जणू ऐकून बरं वाटलं. जाता जाताही तुम्ही माझी बाजू सांभाळत होता, अण्णा. मला ते सहन होत नाही.

तेराव्याहून घरी आल्यावर सुमा रडली. तुमच्यासाठी आधी रडून झालं होतं तिचं. ती त्या वाटीसाठी रडली. "त्याला धरवत नव्हती हो, आणि मी त्याला लहान आहेस काय म्हणाले." हे ती वर्षभर म्हणते आहे. मी वर्षभर तिची पाठ थोपटतो आहे. तुला काय माहीत होतं, असं म्हणतो आहे. खरंच, तिला काय माहीत होतं.

परवा सकाळी चहाला बसलो असताना मी तिला सांगितलं. कसं कोण जाणे, बोलून गेलो. "अण्णांनी हाताचं मला आधी सांगितलं होतं."

"आधी म्हणजे?"

"त्या पावसाळ्यात. दुकानात."

तिनं कप खाली ठेवला. मी सगळं सांगितलं. मुनियप्पा, कुलूप, कोहळा, खड्डा. तुला सांगू नका म्हणाले होते, हेही सांगितलं.

"अण्णा म्हणाला म्हणून नाही सांगितलं?"

"ते म्हणाले म्हणून. आणि मलाही सांगायचं नव्हतं."

ती बोटांवर महिने मोजायला लागली. मधेच एका बोटावर थांबली.

"मग वाटी पडली तेव्हा तुम्हाला माहीत होतं."

"हो."

"मी ओरडले तेव्हा तुम्ही तिथं जेवत होता."

"हो."

"काय केलंत तुम्ही?"

"ताक मागितलं," मी म्हणालो.

 ती ओरडली असती तर बरं झालं असतं. उठून तिनं दोन्ही कप धुतले, माझाही, अर्धा भरलेला. दिवसभर ती माझ्याशी कामापुरतं बोलली, नळवाला आला का, दूध आणायचं आहे. काल संध्याकाळी कपड्यांच्या घड्या घालता घालता म्हणाली, "वहिनीला हे ठाऊक आहे?"

"नाही."

"ती अजून म्हणते, कोहळा मीच ओल्या हातानं दिला, म्हणून निसटला. त्यानंतरच सगळं सुरू झालं म्हणते. परवा गुरुजींना विचारत होती, त्याचं काही करता येतं का." घडी घातलेला शर्ट तिनं उलगडला आणि परत घातला. "तिला तुम्ही सांगा. मी सांगणार नाही. आणि तिथं जाऊन गंमत करू नका."

उद्या रविवार आहे. मी जाणार आहे. काय बोलायचं ते आधी कागदावर मांडावं म्हणून लिहायला बसलो, आणि बघा, पहिल्याच पानावर पंगत हसवली, लिफ्टमध्ये अडकलो, तुम्हाला शहाळ्यांत पाडलं. मग ते सगळं बाजूला ठेवून उरलं तेवढं वेगळ्या कागदावर काढलं. ते असं आहे. वहिनी, कोहळा तुमच्या हातामुळं पडला नाही. अण्णांच्या हातात जोर नव्हता. ते त्यांनी मला तीन महिने आधी सांगितलं होतं, डॉक्टरकडं जाऊ का म्हणून विचारलं होतं, आणि मी नको म्हणालो होतो.

एवढं बोलून गप्प बसायचं आहे. त्या काय म्हणतील ते ऐकायचं आहे, आणि काही म्हणाल्या नाहीत तर तेही. ते मला जमेल असं वाटत नाही, अण्णा.